जुन्या गाण्याचा पाच सेकंदांचा तुकडा आपल्या गणपतीच्या गाण्यात घेतला तर चालतं का? ही चोरी म्हणायची का?

गणपतीच्या गाण्यासाठी विचारताय, तर आधी सेकंदांचं सांगतो. मी नाशिकला रेकॉर्डिंगचं काम करतो. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ हे इथे सगळेच बोलतात, पण कायद्यात असा आकडा कुठेच नाही. मूळ रेकॉर्डिंगच उचललंत तर रेकॉर्ड कंपनीची परवानगी लागते आणि चाल-शब्दांच्या हक्कदारांचीही. तीच ओळ आपल्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतलीत तर कंपनीची लागत नाही, चाल-शब्दांच्या हक्कदारांची लागतेच.

आता चोरीचं. चाल घेण्यात आपल्याकडे कधी कमीपणा नव्हता. ‘संगीत सौभद्र’च्या (१८८२) पुस्तकात पदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाणं सरळ छापलेलं असतं. सलील चौधरींनी ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’ मोझार्टच्या ४० व्या सिंफनीवरून बांधलं, आणि काय सुरेख बांधलं! उलट, ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’मधली ती व्हायोलिनं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘तेरे मेरे बीच में’ची. हे सगळं मला मनापासून आवडतं.

राग येतो तो नाव गाळल्याचा. २००२ च्या ‘अॅडिक्टिव्ह’ या अमेरिकी गाण्यात लताबाईंचं ‘थोडा रेशम लगता है’ न विचारता वापरलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव लावल्याशिवाय अल्बम विकायचा नाही, असा आदेश निघाला.

पण संगीतकाराच्या मागे निदान कंपनी तरी उभी राहते. वादकाचं काय? १९६९ मध्ये द विन्स्टन्स या बँडने ‘अमेन, ब्रदर’ रेकॉर्ड केलं. त्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन काही सेकंद एकटा ड्रम वाजवतो. हिपहॉपवाल्यांनी तो तुकडा उचलला. इंग्लंडमध्ये जंगल नावाचा अख्खा संगीतप्रकार त्याच्यावर उभा राहिला. आज तो हजारो गाण्यांत आहे. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये वारला तेव्हा तो बेघर होता.

हे मला इथे फार टोचतं, कारण आपला नाशिक ढोलही आता कॉम्प्युटरवर तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवता येणारा तुकडा, म्हणून मिळतो. गावाचं नाव त्याला आहे. वाजवणारा कोण, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं.

तुमच्या गाण्यात ढोल असणारच. तो लूपमधून घेऊ नका. पंचवटीत, सिडकोत, जिथे ओळख असेल तिथल्या पथकाला स्टुडिओत बोलवा, बिदागी आधी ठरवा, आणि गाणं यूट्यूबवर टाकताना खाली वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव घाला. जुनी ओळ हवीच असेल तर हक्क कोणाकडे आहेत ते आत्ताच शोधायला लागा. परवानगीचं उत्तर यायला वेळ लागतो आणि गणपती थांबत नाहीत.