माळ्यावरची फाइल

*ताई, वय ३६, सिडकोत राहते, शाळेत शिकवते. छाती फार जड आहे. मान-पाठ ठणकते, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांना खाचा पडल्यात, उन्हाळ्यात खालची कातडी चिघळते. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात जात नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना छातीवर हात धरावा लागतो, म्हणून जाणंच सोडलं. सासूबाई म्हणतात, देवानं दिलेलं कापायचं का? आईला लोकांची भीती. मिस्टर मात्र समजूतदार आहेत, ‘आहेस तशीच छान आहेस’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी सर्जनना दाखवलं होतं, ती फाइल यांनी माळ्यावर ठेवलीय. दुसरं मूल नको असं ठरलंय. छाती लहान करायचं ऑपरेशन करू का? कापाकापीची भीती वाटते.*

सासूबाईंवर तू दीड पान लिहिलं होतंस. ते मी छापलेलं नाही, रागावू नकोस. मी अडकले त्या फाइलपाशी.

माळ्यावर काय जातं गं? गणपतीची आरास, फुटक्या चाकाची सुटकेस, लग्नातली पातेली. तिथे तुझी पाठ नेऊन ठेवली, आणि ठेवली कुणी? ज्याचा हात तिथवर पोचतो त्यानं. तुझा फळ्यापर्यंत पोचत नाही!

‘छान आहेस’ हे गोड आहे खरं, पण ‘मी छान दिसते का’ असं तू विचारलंच नव्हतंस. दुखतंय म्हणून सांगितलं होतंस. सासूबाई निदान तोंडावर नाही म्हणतात. तुझे समजूतदार मिस्टर दोन वर्षं ‘नंतर बघू’ म्हणतायत, आणि तू त्याला प्रेम म्हणतेस.

आता कापाकापी. पूर्ण भूल देतात, साधारण दोन ते चार तास लागतात. जादा चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात, स्तनाग्र रक्तपुरवठा राखून वर सरकवतात. टाके बहुतेकदा स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि खालच्या घडीत येतात, जहाजाच्या नांगरासारखे. काढलेला भाग तपासणीला जातो. दवाखान्यात एखाद-दोन दिवस, मग काही आठवडे आधाराची ब्रा रात्रंदिवस. बसून करायची कामं साधारण दोन आठवड्यांत जमतात. सिलिंडर सरकवणं, पाण्याची बादली, लेकीला उचलणं मात्र सहा आठवडे विसर. व्रण वर्षभरात फिके होतात, जात नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित जातेही. अंगावर पाजणंही पुढे जमेलच असं नाही, म्हणून ते दुसऱ्या मुलाचं खरंच दोघांचं ठरलंय ना, एवढं बघ. पुन्हा दिवस गेले किंवा वजन बरंच वाढलं तर आकारही बदलू शकतो.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी हवीच. दोन वर्षांत वजन बदललं असेल तर सांग, कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्याही. चाळिशी जवळ आलीय, तेव्हा सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आधी करायला सांगतील. विमा कंपन्या बऱ्याचदा याला सौंदर्याचं ऑपरेशन ठरवून हात वर करतात, म्हणून पाठ, खांदे, चिघळणं हे सगळं डॉक्टरांकडून लिहून घे आणि कंपनीला आधीच लेखी विचार.

आज संध्याकाळी चहा झाला की मिस्टरांना म्हण, ‘फाइल खाली काढा.’ तू स्टुलावर चढू नकोस. ठेवली त्यांनी, काढतीलही तेच. कारण विचारलं तर खांदा दाखव, खाचेवर त्यांचं बोट ठेव. डॉक्टरांची वेळ मात्र तू घे आणि त्यांना शेजारच्या खुर्चीत बसव.

दिवाळीच्या सुट्टीत सहा आठवडे बसत नाहीत, मे महिन्याच्या सुट्टीत बसतील. त्या ब्रात घाम येईल म्हणशील. एरवी कुठे येत नव्हता?