अभिजात नाटक शिकवताना गेम वापरला तर मुलं नाटक वाचतील, की नुसतीच खेळतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेत एक जुनं, अभिजात नाटक शिकवायचंय, मुलं पुस्तक उघडायला तयार नाहीत, गेम मात्र तासन्‌तास खेळतात. मग नाटकाचाच गेम केला तर? आणि शेवटी तुम्ही भीतीही लिहिलीय की मुलं खेळून मोकळी होतील आणि नाटक जिथल्या तिथे राहील.

भीती खरी आहे. माझ्या पहिल्या गेमचं नेमकं तेच झालं.

मी शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ शिकवत होते. ट्वाइन नावाचं एक फुकट साधन आहे, २००९ पासूनचं. त्यात छोटी छोटी पानं लिहायची आणि एका पानावरून दुसऱ्यावर जायला पर्याय द्यायचे. ब्राउझरमध्ये चालतं, कोडिंग यावं लागत नाही. दोन रविवार खपून मी गेम तयार केला. ‘रात्र झालीय. राजा डंकन तुझ्या घरी पाहुणा म्हणून झोपलाय. मारतोस की नाही?’ जवळजवळ सगळ्या वर्गानं ‘नाही’ दाबलं. राजा सकाळी उठला, निरोप घेऊन गेला, गेम संपला. दीड मिनिटात! मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, एवढ्यासाठी पाच अंक?”

तेव्हा राग आला, पण पोरगं बरोबर बोललं होतं. मी चुकीचा प्रश्न विचारला होता. मारावं की नाही, याचं उत्तर खुद्द मॅकबेथलाही ठाऊक आहे. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातलं त्याचं स्वगत काढून बघा. मी याचा नातलग, याचा प्रजाजन, वर याचा यजमान. मारेकऱ्याला दार बंद करायचं सोडून मीच सुरा कसा उचलू? बायको येते तेव्हा तो सरळ सांगतो की आता यात पुढे जायचं नाही. आणि तिथून साधारण ५० ओळींत तो तयार होतो. नाटक त्या ५० ओळींत आहे, आणि माझ्या गेममध्ये त्यांतली एकही नव्हती.

दुसऱ्या वेळी कॉम्प्युटर बंद ठेवला. लेडी मॅकबेथ नवऱ्याला वळवायला जे जे बोलते ते पाच चिठ्ठ्यांवर साध्या मराठीत लिहिलं: तुझी ती उमेद काय दारूच्या नशेतली होती का, मग तुझं प्रेमही मी तसलंच समजू का, भेकडासारखा जगणार का, तुझ्यासारखी शपथ घेतली असती तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही मी सोडलं नसतं, आणि शेवटी बेत, म्हणजे पहारेकऱ्यांना दारू पाजायची आणि आळ त्यांच्यावर घ्यायचा. चिठ्ठ्या पिसून चार-चार जणांच्या गटांना दिल्या. एकानं मॅकबेथ व्हायचं, बाकीच्यांनी एकेक चिठ्ठी टाकत त्याला पटवायचं. क्रम तुमचा तुम्ही ठरवा.

बहुतेक गटांनी बेत आधी टाकला. माणसाला पटवायचं तर योजना दाखवावी, इतकं साधं. एका गटातल्या मॅकबेथनं दोन सेकंदात उडवून लावलं, “बेत भारी आहे, पण तो माझा पाहुणा आहे ना.” गट अडला. मग त्यांनी टोमण्यांपासून सुरुवात करून पाहिली. वीसेक मिनिटांनी पुस्तक उघडायला सांगितलं तर उघडलं, कारण आता शेक्सपिअरनं काय क्रम लावलाय हे त्यांना बघायचं होतं. बेत सगळ्यात शेवटी. आणि त्याच्या जरा आधी मॅकबेथचा एक छोटासा प्रश्न: आपण फसलो तर? एका मुलीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. “बाई, आता तो करू का नको असं विचारतच नाहीये. जमेल का, एवढंच विचारतोय.” हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर वहीत उतरून तिथेच मेलं असतं.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावते. गेम खेळून झाल्यावर मुलाला मूळ ओळ बघावीशी वाटते का? वाटत नसेल तर गेम कितीही देखणा असो, नाटकाच्या तासाला त्याचं काम नाही. पात्रांची नावं नि अंक विचारणाऱ्या प्रश्नमंजुषा या कसोटीला उतरत नाहीत. उजळणीला ठीक, त्यापलीकडे काही नाही. गुण आणि क्रमवारी तर मी काढूनच टाकली. गुण दिसले की मुलं पात्राच्या डोक्यानं विचार करायचं सोडून बाईंच्या डोक्यात काय आहे ते शोधायला लागतात.

दुसरं, कोणाला काय माहीत आहे यावर गेम बांधा. जुनी नाटकं त्याच्यावरच तर चालतात. ‘शाकुंतल’ घ्या. महाभारतातल्या कथेत दुर्वासाचा शाप नाही, हरवलेली अंगठीही नाही. ते कालिदासानं घातलं आणि लगेच माहितीची वाटणी करून टाकली. शाप ऐकला फक्त शकुंतलेच्या सख्यांनी, अनसूया आणि प्रियंवदेनं. शकुंतलेला पत्ता नाही, दुष्यंत तर सगळंच विसरलेला. मी प्रत्येक पात्राला एक बंद पाकीट देते, त्यात त्याला माहीत असलेलं तेवढंच. शकुंतलेच्या पाकिटात शापाचा उल्लेख नसतो. मग निरोपाचा प्रसंग. सख्यांना नियम असा की शाप सांगायचा नाही, पण निघताना एक वाक्य बोलता येईल.

मुलं चिडतात. सांगून का टाकत नाहीत? चिडू द्या. मग चौथ्या अंकातलं ते वाक्य वाचा: नवमालिकेच्या नाजूक वेलीवर कढत पाणी कोण ओतेल? इतक्या हळव्या मैत्रिणीला ही बातमी द्यायची कशी, हे त्यांचं कारण. आता मुलांनी लिहिलेली वाक्यं आणि कालिदासानं सख्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य शेजारी ठेवा. राजानं ओळखायला वेळ लावला तर ही अंगठी दाखव, एवढंच त्या म्हणतात, आणि शकुंतला तेवढ्यानंही दचकते. पाचव्या अंकात तिचा हात अंगठीसाठी बोटाकडे जातो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, ती मला कुठल्याही व्याख्यानातून मिळालेली नाही.

शेवट बदलू द्यावा का, हेही तुम्ही विचारलंय. द्यावा, पण नाटक वाचून झाल्यावर आणि एका अटीवर: एकच गोष्ट बदलायची, आणि त्यामुळे पुढच्या कोणत्या ओळी खोट्या पडतात ते दाखवायचं. आधीच मोकळीक दिली तर सगळे सगळ्यांना वाचवत सुटतात. ‘एल्सिनोर’ नावाचा २०१९ चा एक गेम आहे. त्यात आपण ‘हॅम्लेट’मधली ओफेलिया असतो, तेच चार दिवस पुन्हा पुन्हा जगतो, आणि आपल्या हातात असतं ते फक्त कानावर आलेलं कोणाला सांगायचं एवढंच. वर्गात खेळायला तो फार लांबडा आहे, पण स्वतःचा गेम रचायच्या आधी तुम्ही एकदा खेळून बघा.

यंत्रं नसतील तर अडू नका. शेक्सपिअरच्या काळी नटाला अख्खं नाटक हातात मिळत नसे. स्वतःचे संवाद आणि त्याआधीचे क्यूचे, म्हणजे समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे, दोन-चार शब्द, इतकंच त्याच्या कागदावर. मुलांना एकदा अशा पट्ट्यांवरून एक प्रवेश वाचायला लावा. क्यू कधी येईल ठाऊक नसल्यामुळे एरवी खिडकीबाहेर बघणारेही कान टवकारून बसतात.

वेळेचं म्हणाल तर चिठ्ठ्यांचा खेळ एका तासात बसतो, पाकिटांना दोन तास धरा. आणि ट्वाइन वापरायचंच असेल तर गेम तुम्ही बनवू नका, मुलांना बनवायला द्या. एक प्रवेश, जास्तीत जास्त आठ पानं, आणि प्रत्येक पर्यायाखाली तो ज्या ओळीवरून सुचला ती ओळ लिहायची. माझे ते दोन रविवार वाचले असते.