पावसाळी भटकंती आणि कॅमेऱ्याची बॅग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी नोकरी सांभाळून हौसेने छायाचित्रण करते. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, १८-५५ आणि ७०-३०० मि.मी. अशा दोन लेन्स आणि ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड आहे. सप्टेंबरमध्ये कास पठारावर जाण्याचा विचार आहे. सध्याच्या बॅगेने खांदा भरून येतो, म्हणून पाठीवरची बॅग घ्यायची आहे. निवडताना काय पाहावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दुकानात जाण्यापूर्वी आपले सामान घरच्या काट्यावर तोलून पाहा. बॉडी आणि छोटी लेन्स मिळून साधारण ७०० ग्रॅम, मोठी लेन्स अर्धा किलोच्या आसपास आणि ट्रायपॉड दीड किलो धरला, तर पाणी, डबा व रेनकोटासह हे ओझे चार-साडेचार किलोंवर जाते. पॅडिंगची बॅग रिकामी असतानाच किलो-सव्वा किलोची असते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एवढे वजन एका खांद्यावर दिवसभर पेलू नये, म्हणून कंबरपट्टा असलेली पाठीवरची बॅगच घ्यावी. हा पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट बसला पाहिजे, कारण तो पोटावर आला की भार पुन्हा खांद्यांवरच येतो. आपले सगळे सामान दुकानात नेऊन बॅगेत भरावे आणि दहा मिनिटे चालून पाहावे. दुकानदार त्याला सहसा हरकत घेत नाहीत.

बॅग कोणत्या बाजूने उघडते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक बॅगा समोरून उघडतात. अशी बॅग उघडायची म्हणजे पाठीकडची बाजू जमिनीला टेकवावी लागते आणि तिथला चिखल पुढे दिवसभर आपल्या सदऱ्याला लागत राहतो. ज्या बॅगेची चेन पाठीच्या बाजूला असते, ती पालथी ठेवता येते, त्यामुळे पट्टे कोरडे राहतात. शिवाय गर्दीत आपल्या पाठीमागे कोणाला ती सहज उघडता येत नाही. बॅगेसोबत मिळणाऱ्या पावसाळी आवरणावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नये. ते पाठीकडची बाजू झाकत नाही, मानेवरून ओघळणारे पाणी त्याच बाजूने आत झिरपते आणि आवरणाच्या तळाशी साठून राहते. यासाठी कॅमेरा आणि लेन्स आत वेगवेगळ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवाव्यात.

कासला जाताना ट्रायपॉड घरी ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. जांभ्या खडकावरच्या मातीच्या पातळ थरात तेथील फुले तग धरून असतात आणि ‘सीतेची आसवे’ नावाची वनस्पती तर वीतभरसुद्धा उंच नसते. ट्रायपॉडचे तीन पाय रोवायला जागा शोधताना त्यांपैकी किती रोपे चिरडली जातात, हे वरून पाहणाऱ्याला कळतही नाही. त्याऐवजी जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात सुमारे अर्धा किलो तांदूळ भरावेत, ती पायवाटेच्या कडेच्या उघड्या दगडावर ठेवावी आणि तिच्यावर लेन्स टेकवावी. फुलाच्या उंचीवरून फोटो मिळतो आणि दीड किलोचे ओझेही वाचते. घरी आल्यावर तांदूळ काढून पिशवी वाळवावी, म्हणजे बुरशी लागणार नाही.

प्रश्न : वर्षभर कपाटात ठेवलेल्या माझ्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू लागले आहेत. कॅमेरा नेहमी चांगल्या बॅगेत असतो, तरी असे का झाले? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ती बुरशी आहे आणि तिचे मूळ बहुधा त्या चांगल्या बॅगेतच आहे. पावसाळी सहलीत बॅगेचे पॅडिंग ओलावा शोषून घेते. हाताला ती कोरडी लागते, पण बंद कपाटात तोच दमटपणा लेन्सभोवती महिनोन्महिने राहतो. माझी एक ५० मि.मी.ची लेन्स अशीच गेली. भंडारदऱ्याहून परत आल्यावर बॅग जशीच्या तशी कपाटात ठेवली आणि दिवाळीत उघडली, तेव्हा काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत पांढरी नक्षी पसरलेली होती. दुरुस्ती करणाऱ्याने ती साफ करून दिली, पण काचेवरच्या लेपावर तिचा डाग कायमचा राहिला. तेव्हापासून मी बॅग केवळ प्रवासापुरती वापरतो.

घरी कॅमेरा ठेवण्यासाठी झाकणाला रबराची कडी असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलची पिशवी आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरेसे आहे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. ती ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळते, तर फार कोरड्या हवेत रबर आणि वंगण यांना धोका असतो. नारिंगी सिलिका जेल ओलावा शोषून हिरवे झाले, की दाणे पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंश सेल्सिअसला तास-दोन तास तापवावेत. त्यासाठी खाण्याचे भांडे वापरू नये. बुरशी धरलेली लेन्स मात्र लवकर साफ करून घ्यावी आणि तोवर इतर लेन्सच्या डब्यात तिला जागा देऊ नये.

प्रश्न : धुक्यातले माझे फोटो नेहमी करडे आणि मळकट येतात. फिल्टर घ्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : फिल्टरची गरज नाही. कॅमेऱ्याचा मीटर सर्व दृश्य मध्यम करडे धरून प्रकाश मोजतो, त्यामुळे पांढरे धुके त्याला जास्त उजेडाचे वाटते आणि तो फोटो गडद करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एकपर्यंत वाढवावे आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा पडद्यावरचा आलेख) उजव्या कडेला आदळत नाही ना, हे पाहावे. पोलरायझर हा फिल्टर ओल्या पानांवरची चकाकी घालवण्यासाठी उत्तम आहे, पण तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). आधीच अंधारलेल्या धुक्यात तो लावला, तर शटरचा वेग कमी होऊन फोटो हलण्याचीच शक्यता अधिक असते. एसी चालू असलेल्या गाडीतून उतरताच काच धुरकट होते, तीही तक्रार यासारखीच वाटते, मात्र तिचे कारण दव असते. अशा वेळी कॅमेरा बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटे बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा आणि मगच बाहेर काढावा.