पीएसए ०.०३ आला, म्हणजे कॅन्सर परत आला का?

ऑपरेशन करून प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढली, मग रक्ताच्या तपासणीत दिसणारा पीएसए वाढतोच कसा? प्रोस्टेट कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

करवीर तालुक्यातले आण्णा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) मुलाला घेऊन माझ्याकडे आले ते याचसाठी. उभी हयात गावच्या दूध संस्थेत सचिव म्हणून गेलेली, त्यामुळे फाइल बघण्यासारखी: सगळे रिपोर्ट तारखेनं लावलेले आणि शेवटच्या दोन आकड्यांभोवती लाल पेनानं गोल. एकात '<०.०१', दुसऱ्यात '०.०३'.

"तिप्पट झालंय की ओ मॅडम!"

मुलगा वैतागलेला. "खाली छापलंय बघा, ४ पर्यंत नॉर्मल. चार दिवस झालं सांगतोय, ऐकतच न्हाईत."

दोघांचंही चुकत होतं, आणि मुलाची चूक जास्त महागात पडली असती. लॅबच्या कागदावर छापलेली ती ४ ची मर्यादा प्रोस्टेट शरीरात असलेल्या पुरुषासाठी असते. पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटच्या पेशी बनवतात, निरोगीही आणि कॅन्सरच्याही. ग्रंथीच काढल्यावर ते रक्तात जवळजवळ उरायलाच नको. दर दोन-तीन दिवसांनी ते निम्मं होत जातं, म्हणून पहिली तपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी करतात. त्यानंतर कुणाचा आकडा २ आला आणि घरच्यांनी 'नॉर्मल आहे' म्हणून फाइल कपाटात ठेवली, तर उपचाराची चांगली वेळ हातची जाऊ शकते.

आण्णांचा हिशेब वेगळ्या ठिकाणी फसला होता. '<०.०१' म्हणजे ०.०१ नव्हे, त्यापेक्षा कमी. मशीनला मोजता आला नाही इतका. जो आकडाच नाही त्याची तिप्पट कशी काढणार? शिवाय आधीचा रिपोर्ट राजारामपुरीतल्या लॅबचा होता आणि नवा शिरोलीजवळच्या, मुलाला कामावर जाता-येता सोयीच्या लॅबचा.

मी विचारलं, "आण्णा, एकाच म्हशीचं दूध दोन मशीनवर लावलं तर फॅट सारखी लागते?"

"कुठली लागतीय! पॉइंटाचा फरक पडतोयच. त्यावरनं तर रोजची भांडणं."

पुढचं फारसं समजवावं लागलं नाही. इतक्या खालच्या पातळीवर पद्धत बदलली, मशीन बदललं, तरी शेवटचा आकडा हलतो. कधीकधी ऑपरेशननंतर निरोगी ग्रंथीचा एखादा कण मागे राहतो, तोही थोडा पीएसए बनवतो. म्हणून लॅब एकच ठेवायची. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगायचं; काही मशीनवर त्यामुळे पीएसए खोटाच कमी दिसतो. (आण्णांनी टोपी काढून टक्कल दाखवलं. विषय संपला.)

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "आणि खरंच वाढत गेलं तर?"

अशा वेळी 'काही होणार नाही हो' म्हणणं मला पटत नाही. त्यानं माणूस गप्प बसतो, पण रात्री तो प्रश्न पुन्हा उठतोच. म्हणून सरळ सांगितलं. ऑपरेशननंतर पीएसए ०.२ किंवा त्याहून वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच राहिला, तर डॉक्टर त्याला साधारणपणे आजार परतल्याची खूण मानतात. त्याआधीही तो सलग चढत असेल तर ते लक्ष ठेवतात, आणि दुप्पट व्हायला किती महिने लागतात हे एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलकं असतं. गरज पडली तर रेडिएशन देता येतं, आणि ते पीएसए ०.५ च्या आत असताना दिलं तर जास्त उपयोगी ठरतं. म्हणजे तपासणी चुकवायची नाही ती एवढ्यासाठी.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशननंतर पीएसए वाढलेल्या, पण लगेच दुसरे उपचार न घेतलेल्या पुरुषांमध्ये आजार दुसरीकडे पसरलेला दिसेपर्यंतचा मध्यक काळ ८ वर्षांचा निघाला, म्हणजे निम्म्या जणांत त्याहूनही जास्त. सगळ्यांचं तसं नसतं. ज्यांचा आजार मुळात आक्रमक होता किंवा ज्यांचा पीएसए झपाट्यानं दुप्पट होतो, त्यांचं लवकर बिघडू शकतं. आण्णांच्या बायोप्सीचा ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा) काय होता, काढलेल्या ग्रंथीच्या कडा कॅन्सरपासून साफ निघाल्या होत्या का, हे यूरॉलॉजिस्टना विचारायचे प्रश्न. ते आम्ही फाइलच्या मागच्या पानावर लिहून काढले.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तीन महिन्यांनी जुन्याच लॅबमध्ये टेस्ट झाली. ०.०२. मुलाला हायसं वाटलं, आण्णांना निम्मंच. माझ्या मते आण्णांचं बरोबर होतं: आकडा ०.२ च्या दहाव्या भागाएवढा, पण मोजता येतोय. डॉक्टरांनी पुढची तारीख पुन्हा तीन महिन्यांनंतरची दिली.

राहिला तपासणीआधीचा आठवडा. त्या दिवसांत आण्णांना झोप लागत नाही, जेवण जात नाही. खोदून विचारल्यावर कळलं, रिपोर्टची पीडीएफ थेट भावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पडायची, आणि डॉक्टर भेटायच्या आत गुळवेलापासून गोमूत्रापर्यंत सगळे सल्ले हजर! आता रिपोर्ट फक्त मुलाच्या फोनवर येतो. रक्त सकाळी द्यायचं, अपॉइंटमेंट रिपोर्टच्या दुसऱ्याच दिवशीची घ्यायची आणि ग्रुपवर डॉक्टर काय म्हणाले तेवढंच टाकायचं, असं ठरलं. पुतण्या रुसलाय म्हणे. काकूंनी त्याला सांगितलं, "तुझा गुळवेल तूच पी."