नोटरीचा करार, संपलेली मुदत आणि जागा न सोडणारा भाडेकरू

प्रश्न : मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे, शिफ्ट ड्यूटी असते. पगाराला जोड म्हणून कर्ज काढून मोशीत वन बीएचके घेतला. हप्ता २२,००० रुपये. एजंटने १४,००० रुपये भाडं आणि ५०,००० रुपये डिपॉझिटवर एक कुटुंब आणून दिलं. ‘अकरा महिन्यांचाच करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही,’ असं सांगून त्याने शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिली. मुदत संपून तीन महिने झाले. समोरचा भाडंही देत नाही आणि जागाही सोडत नाही. ‘करार रजिस्टर नाही, मी आता कायदेशीर भाडेकरू आहे, जा कोर्टात,’ म्हणतो. भाऊ म्हणतो, लाइट-पाणी तोडू, नाहीतर सरळ कुलूप बदलू. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. दुसऱ्या फ्लॅटचं टोकन देण्याच्या बेतात होते, आता धीर होत नाही. तो बारा वर्षांनी मालक होईल का? नोकरी करून मी हे कसं निभावू?

उत्तर : सर्वात आधी भावाला थांबवा. त्याचा राग मला समजतो, पण लाइट किंवा पाणी तोडलंत तर आज तुमच्या बाजूने असलेलं प्रकरण एका दिवसात उलटेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार योग्य कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट यांसारख्या अत्यावश्यक सेवा घरमालकाला स्वतः किंवा दुसऱ्याकरवी तोडता येत नाहीत. तसं केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भाडं थकलं म्हणून पाणी बंद केलं, हे ‘योग्य कारण’ आहे असं न्यायालयाला पटवायच्या भानगडीत पडू नका. कुलूप बदलण्याचंही तसंच. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात फ्लॅट कोणाच्या मालकीचा हा प्रश्नच निघत नाही. तुमच्याकडे खरेदीखत असूनही तुम्ही हराल.

पोलिसांनी दिलेलं उत्तरही बरोबर आहे. मुदत संपलेल्या माणसाकडून जागा रिकामी करून देणं हे त्यांचं काम नाही. धमकी, शिवीगाळ किंवा तोडफोड झाली तर मात्र जरूर तक्रार द्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवली होती का, हे तुमच्या पत्रात नाही. नसेल तर उशिरा का होईना, आजच ऑनलाइन भरा. पोलीस आयुक्तालयाचे त्याबाबतचे आदेश असतात आणि ते मोडले तर गुन्हा घरमालकावर दाखल होतो. समोरच्याच्या हाती हे एक आयतं हत्यार कशाला ठेवायचं?

बारा वर्षांची भीती मनातून काढून टाका. तो तुमच्या परवानगीने आत आला आहे. परवानगीने आलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी नुसत्या राहण्याने मालक होत नाही. मालकी जाण्याचा धोका इथे नाही. ताबा परत मिळायला किती वेळ लागेल, एवढाच प्रश्न आहे, आणि त्या वेळेचं गणित बिघडलंय ते नोटरीच्या कागदामुळे.

‘अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही’ हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरमालकाच्या तोंडून ऐकतो. ते आलंय केंद्राच्या नोंदणी कायद्यातून. तिथे एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सक्तीच्या नोंदणीतून सूट आहे. पण महाराष्ट्रात त्याच्या जोडीला भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्स (ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी) असो वा भाडेपट्टा, मुदत अकरा महिन्यांची असो वा पाच वर्षांची, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. एजंटवर नाही, भाडेकरूवरही नाही. मोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मात्र तुम्हाला खरा फटका या शिक्षेचा नाही, त्याच कलमातल्या दुसऱ्या वाक्याचा बसतो. नोंदणीकृत लेखी करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तो उद्या म्हणाला, ‘मला कायमची भाड्याने दिली होती, भाडं आठ हजार ठरलं होतं,’ तर ते खोटं आहे हे तुम्ही दाखवून द्यायचं. आणि तो खरोखर भाडेकरू ठरला तर संपूर्ण भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला मिळेल. भाडं वाढवायचं तर वर्षाला ४ टक्के. थकबाकीसाठी काढायचं तर आधी लेखी नोटीस, मग ९० दिवस थांबायचं, मग दावा. त्या दाव्यात त्याने थकबाकी, व्याज आणि खर्च वेळेत कोर्टात भरला तर तो जागेत राहणार.

नोंदणीकृत करार असता तर काय झालं असतं, तेही सांगतो, कारण पुढच्या वेळेसाठी ते तुम्हाला ठाऊक हवं. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, थेट अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला बचाव करण्याची परवानगी मागावी लागते. त्याने मागितली नाही किंवा ती नाकारली गेली, तर जागा रिकामी करण्याचा आदेश होतो. लेखी करारात जे लिहिलंय तेच निर्णायक पुरावा मानलं जातं, तोंडी कहाण्यांना वाव राहत नाही. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण अर्ज, तोही ९० दिवसांत. शिवाय मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई. तुमच्या बाबतीत महिना २८,००० रुपये, म्हणजे तुमच्या हप्त्यापेक्षाही जास्त.

हे सगळं कितीत मिळालं असतं? अकरा महिन्यांचं भाडं १,५४,००० रुपये, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. साधारण ४०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटने तुमचे जेमतेम दीड हजार वाचवले आणि आज तुमचे ४२,००० अडकलेत.

आता हातात आहे त्यावर काम करू. झालेला करार आता नोंदवता येईल का? नाही. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करायचा असतो, दंड भरून आणखी चार महिने मिळतात. तुमची ती मुदत गेली. पण कागद फाडून टाकू नका, तो निरुपयोगी झालेला नाही. माझ्या मते त्याचं निर्णायकपण गेलंय, पुरावा म्हणून त्याचं मोल शिल्लक आहे. स्टॅम्प कमी असल्याने कमी पडलेलं शुल्क आणि त्यावरचा दंड भरावा लागेल, ही रक्कम तुमच्या व्यवहारात किरकोळ आहे. त्याच्या जोडीला दुसरा पुरावा उभा करा : अकरा महिने १४,००० रुपये जमा झाल्याच्या बँक नोंदी, डिपॉझिटची नोंद, मुदत, भाडं किंवा जागा सोडण्याबद्दलचे व्हॉट्सअॅपवरचे संवाद, सोसायटीला दिलेलं पत्र. ‘मॅडम, पुढच्या महिन्यात सोडतो’ असा एक जरी मेसेज असला तरी त्याची किंमत मोठी आहे, कारण जागा कायमची दिली होती हे त्याचं म्हणणं तिथेच कोसळतं. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

यानंतर वकिलामार्फत नोटीस. तिच्यात लायसन्सची मुदत कोणत्या तारखेला संपली, किती थकलं, दुप्पट दराने भरपाई मागणार आहात, हे स्पष्ट लिहा. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. या काळात त्याने अचानक १४,००० रुपये खात्यात टाकले तर गप्प बसू नका. त्याच दिवशी लेखी कळवा की ही रक्कम जागा वापरल्याच्या भरपाईपोटी, हक्क राखून घेत आहे, नवीन भाडेव्यवहार म्हणून नाही. गप्प राहून भाडं घेत गेलात तर ‘करार वाढला’ असं तो म्हणेल.

नोटिशीच्या सोबतच समझोत्याचं दार उघडं ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. तडजोडीत मी एक गोष्ट सुचवतो : त्याला तीन महिन्यांचा नवा, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार द्या. हवं तर थकबाकीतला एखादा महिना सोडून द्या. त्याला शाळेचं वर्ष संपेपर्यंतची वेळ हवी असेल, नवं घर शोधायचं असेल, ते होईल. तुमच्या हाती मात्र कलम २४ चं पूर्ण बळ असलेला कागद येईल, आणि ‘मी भाडेकरू’ हा दावा त्याच्याच सहीने संपेल. तीन महिन्यांनी गेला तर ताबा पावती लिहून घ्या, मीटरचं रीडिंग टाका, मगच हिशेब करून डिपॉझिट परत करा. नाही गेला तर अर्ज.

तो सही करायला तयार नसेल तर आहे त्या पुराव्यावर पुण्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा की लघुवाद न्यायालयात दावा लावायचा, हे कागद पाहिल्यावरच ठरवता येईल. करारात ‘लायसन्स’, ‘मुदत’ हे शब्द स्पष्ट असतील आणि चॅट भक्कम असेल तर मी पहिला मार्ग धरेन. कुठल्याही मार्गात उशीर करू नका. डिपॉझिटमधून थकबाकी वजा जाता तुमच्या हातात आज आठच हजार उरतात. पुढच्या महिन्यात तेही संपतील, मग सगळा तोटा तुमचा.

नोकरीचं काय? रोज कोर्टात बसावं लागत नाही. तारखांना वकील हजर राहतो. धावपळीसाठी वडिलांना किंवा भावाला मुखत्यारपत्र देता येईल. पण एक मर्यादा लक्षात ठेवा. जे तुम्हाला स्वतःला माहीत आहे त्याबद्दलची साक्ष मुखत्याराला तुमच्या वतीने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं आहे. व्यवहार तुम्ही ठरवला, चॅट तुमच्या फोनवर आहे, तेव्हा साक्षीला आणि उलटतपासाला तुम्हालाच यावं लागेल. त्या दिवसांची रजा बाजूला ठेवा.

भाडं मिळवल्याने नोकरीला बाधा येते का, असं बरेच जण घाबरत विचारतात. खासगी कंपनीत स्वतःचं घर भाड्याने देणं म्हणजे दुसरी नोकरी नव्हे. तरी नेमणूकपत्र एकदा वाचा. सरकारी कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार स्थावर मालमत्ता घेताना, विकताना किंवा पट्ट्याने देताना शासनाला आधी कळवणं बंधनकारक आहे. तुमच्या बाबतीत मला बँकेची काळजी जास्त वाटते. गृहकर्जाच्या करारात भाड्याने देण्याआधी बँकेला कळवण्याची किंवा परवानगी घेण्याची अट असते का, ते पाहा.

सोसायटीबद्दल थोडक्यात : भाड्याने देताना सोसायटीला लेखी कळवा, कराराची प्रत द्या. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचा कर धरायचा नाही. राज्य सरकारचा हा आदेश २००१ चा आहे.

दुसऱ्या फ्लॅटचं टोकन आत्ता देऊ नका. हा सल्ला कायद्यापेक्षा तुमच्या आकड्यांवरून देतोय. भाडं नियमित येत होतं तेव्हाही महिन्याला ८,००० रुपये तुमच्या पगारातून जात होते, सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. आता पूर्ण २२,००० जातात. दोन फ्लॅट आणि दोन्हींत एकाच वेळी अशी अडचण आली तर पगार पुरणार नाही. प्राप्तिकरात भाड्यातून भरलेला मालमत्ता कर आणि उरलेल्याच्या ३० टक्के वजावट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत तो वर्षाला २ लाखांपर्यंत करता येतो. दुसऱ्या फ्लॅटवर ‘टॅक्स वाचेल’ असं कोणी सांगत असेल तर तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात हे आधी तपासा.

मोशीचा ताबा आला, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडले, की पुन्हा विचार करा. त्या वेळी करार ऑनलाइन नोंदवा. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या नोंदणी होते, रविवारीसुद्धा, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रजा टाकून जावं लागत नाही. मुदत अकरा महिन्यांचीच हवी असंही नाही. चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार केलात, त्यात दरवर्षीची वाढ आणि मधेच सोडण्याची नोटीस लिहिलीत, तर दरवर्षीची धावपळ वाचेल. एजंटला माणूस आणून दिल्याचं कमिशन द्या, पण कागद स्वतः वाचा आणि नोंदणी क्रमांक पडल्याशिवाय किल्ली देऊ नका.

टोकन याआधीच दिलं असेल तर पावती पाहा. कर्ज मंजूर झालं नाही किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर रक्कम पूर्ण परत, हे वाक्य तिच्यात नसेल तर ते आजच लिहून घ्या आणि विक्रेत्याची सही घ्या.