धुळे शहराला लागून गाव आहे. हद्दवाढीत न जाता महापालिकेचं पाणी मिळेल का?

मिळू शकतं, महापालिका तयार असेल तर. हद्दवाढ वेगळी, पाणी वेगळं. हद्द राज्य सरकार अधिसूचना काढून बदलतं. त्याआधी हरकती मागवतात, पण ग्रामपंचायत नाही म्हणाली तरी निर्णय सरकारचाच. 2018 मध्ये वलवाडी, महिंदळेसह 11 गावं अशीच शहरात आली.

पाण्यासाठी ग्रामसभेचा ठराव करा आणि महापालिकेशी लेखी करार. दर, मीटर, जलवाहिनीची दुरुस्ती हे तर येईलच, खरं भांडण एप्रिल-मेमध्ये होतं. तेव्हा कपात शहराइतकीच की आधी गावाची, हे कागदावर घ्याच. शेजारची दोन-तीन गावंही सोबत घ्या. खर्च वाटला जातो आणि वजनही पडतं. (पांझरा नदीकाठी फड या सामूहिक सिंचन पद्धतीत पाळीनं पाणी वाटून घेणाऱ्यांना हे नवीन नाही.)

कचरा, अग्निशमन यांचा करार मात्र वेगळा ठेवा.