नागपुरात जुलै ते सप्टेंबर हॉटेलं रिकामी असतात. स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन यावर काही करता येईल का?

येईल, पण आधी एकत्र बसून एक कॅलेंडर करावं लागेल. आज प्रत्येक जण आपापला हंगाम पाहतो. दसऱ्याला दीक्षाभूमी, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, तेव्हा खोली मिळणं मुश्कील. एप्रिल-मे मध्ये वाघ चांगले दिसतात, पण पर्यटक विमानतळावरून थेट ताडोबा किंवा पेंचला निघतो. ४५ अंशांत शहरात थांबणार कोण? १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, पर्यटकांना बंद, की सगळंच थंड.

गंमत म्हणजे नागपूरचं सगळ्यात वेगळं दृश्य याच काळात असतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत-बडग्यांची, म्हणजे वाईट गोष्टींचं प्रतीक असलेल्या पुतळ्यांची मिरवणूक आणि तान्हा पोळा. पिवळ्या मारबतीची परंपरा १८८५ पासूनची. तरी बाहेरच्यांना ती दाखवायला फारसं कोणी पॅकेज काढत नाही! हॉटेलवाल्यांनी दोन रात्रींचा एकच दर ठरवावा, टूरवाल्यांनी रामटेक, खिंडसी तलाव आणि बफरमधली, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलातली चालू गेटं जोडावीत, एमटीडीसी (राज्याचं पर्यटन विकास महामंडळ) आणि महापालिकेने तारखा सहा महिने आधी जाहीर कराव्यात. तिथी पंचांगात असतेच, अडचण काय?

खरी अडचण पैशाची. जाहिरातीचा खर्च एकाने केला की फायदा सगळ्यांना होतो, म्हणून कोणीच करत नाही. त्यामुळे प्रत्येक खोलीमागे ठरलेली छोटी वर्गणी काढून सामायिक निधी करावा. उन्हाळ्यासाठी मात्र फार आशा धरू नका. तेव्हा लग्नं आणि परिषदाच हॉटेलं चालवतील.